तिच्या बाजूचं दार

कापड उचललं आणि खळगा लख्ख निघाला. गाडीच्या दाराला हँडलमागे बोटं घालायला वाटीसारखी जागा असते ना, तो खळगा. इतका काळा, इतका नितळ, की त्यात मला माझं नाक दिसलं आणि वरची ट्यूबलाइटही. इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, गुडघ्यांखाली जुनी उशी घेऊन मी बसलो होतो आणि स्वतःवर भलताच खूश होतो. सकाळपासून बॉनेटवर झालं, टपावर झालं, पण एवढं सुबक काम दुसरं कुठलं उतरलं नव्हतं. तिथे मशीन जात नाही, सगळं बोटानेच करावं लागतं. बोटाला कापड गुंडाळायचं, त्यावर वाटाण्याएवढं पॉलिश घ्यायचं आणि घासत बसायचं. मी शीळ घालायला लागलो होतो. ती शीळ अर्ध्यातच राहिली, कारण माझ्या लक्षात आलं की हे तिच्या बाजूचं दार आहे, आणि मी इतका वेळ बसून जे काढून टाकलं ती तिची नखं होती.

नखं म्हणजे नखांचे ओरखडे. गाडी घेतल्यापासूनचे. तिच्या बाजूचं हँडल तिच्याशिवाय फारसं कोणी ओढत नाही. चार बारीक रेघा, एकाखाली एक, किंचित वाकड्या, आणि त्यांच्यावर पुन्हा पुन्हा त्याच रेघा. बायको ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करते. कागदाची घडी ती नखाने बसवते, त्यासाठी लाकडाची पट्टी मिळते पण ती तिला आवडत नाही. पट्टीला कळत नाही कागद कुठे थकलाय ते, असं तिचं म्हणणं. म्हणून नखं कायम वाढवलेली, रंग न लावता, स्वच्छ, कडांना तासलेली. आणि ही नखं घेऊन ती माझ्या गाडीचं दार उघडायची. गाडी काळी. काळा रंग घेऊ नका, रोज फडकं घेऊन मागे लागावं लागेल, असं विकणाऱ्या माणसानेसुद्धा सांगितलं होतं, पण आमचं डोकं म्हणजे डोकं. पहिल्याच महिन्यात खळग्यात रेघा दिसल्या आणि मी म्हणालो, "अगं, जरा बोटांची पेरं लावून उघड ना." ती म्हणाली, "हो." आणि पुन्हा नखांनीच उघडलं. मग मी म्हणत राहिलो आणि ती हो म्हणत राहिली. आमच्या संसाराची पद्धतच ती. कुणीही भांडलं नाही, कुणीही ऐकलं नाही. गाडीला मात्र ती तेव्हापासून सवत म्हणायला लागली. "माझ्या सवतीला सर्दी झालीय वाटतं," म्हणायची, गाडी थंडीत सुरू होईना की.

त्या सकाळी तिनेच मला खाली हाकललं होतं. दोन दिवसांनी तिचं ऑपरेशन होतं, हृदयाची झडप बदलायची. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भरती. मुलगी त्याच संध्याकाळी येऊन पोचणार होती. घरात करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, पिशवी भरून झाली होती, कागद एकत्र झाले होते, आणि मी मात्र या खोलीतून त्या खोलीत फिरत होतो, भरलेली पिशवी उघडून बघत होतो, तिला विचारत होतो, टॉवेल घेतलास का, चष्म्याचं घर घेतलंस का. शेवटी ती वैतागली. "पायात पायात करू नका. जा, सवतीला अंघोळ घाला. लेकीने एवढं सामान पाठवलंय ते वापरा एकदाचं." ते सामान मुलीने माझ्या वाढदिवसाला पाठवलेलं, पॉलिश करायचं छोटं मशीन, दोन प्रकारच्या बाटल्या, मऊ कापडांची चळत, चिकट मातीची वडी, मेणाचा डबा. मी नुसते व्हिडिओ बघत होतो. व्हिडिओ बघून मी इतका तयार झालो होतो की दुसऱ्यांच्या गाड्यांकडे पाहून चुकचुकायचो. हात मात्र लावला नव्हता. बापाने विहिरीचं चित्र दाखवून पोहायला शिकवलं, त्यातली गत.

पण सुरू केल्यावर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन बादल्या घ्यायच्या, एकीत साबण, एकीत साधं पाणी. कापड आधी साध्या पाण्यात खळबळून मगच साबणात बुडवायचं, नाहीतर आपण काढलेली रेती आपणच परत रंगावर घासतो. माझ्या या गाडीवर मी इतकी वर्षं एकाच बादलीने तेच करत आलोय. दिवा तिरका धरला की काळ्यावर सगळं दिसतं, कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक चरे, माझ्याच प्रेमाने पडलेले. मग पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालायची आणि पत्र्यावरून तळवा फिरवायचा. उघड्या हाताला जे लागत नाही ते पिशवीतून लागतं, बारीक खरखर. त्यावर मातीची वडी फिरवायची. हे मला पहिल्या झटक्यात जमलं, कारण माझा धंदाच तो. मी लिफ्ट तपासतो. सरकारी शिक्का, वर्षातून एकदा, इमारतीमागून इमारत. कागदावर तपासण्याच्या पुष्कळ गोष्टी आहेत, पण मी आधी मशीनच्या खोलीत जातो आणि मोटरीच्या अंगावर तळवा ठेवतो. बेअरिंग जायला लागलं की कानाच्या आधी हाताला कळतं. लोकांना वाटतं साहेब मोटरीला आशीर्वाद देतायत.

आणि तरी घरातलं मला कळलं नाही. तीच म्हणाली. एका रविवारी दुपारी आडवी झाली होती, मी शेजारी पेपर वाचत होतो, तर माझा हात ओढून तिने छातीवर ठेवला. "बघा हो, तुम्ही यातले. फुरफुरतंय ना?" फुरफुरत होतं. ठोका पडायचा आणि त्याच्या मागे काहीतरी घसरून परत यायचं, दार नीट न लागल्यासारखं. मी म्हणालो, "गॅस असेल." का म्हणालो देव जाणे. हाताला कळलं होतं, तोंडाने ऐकलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि हसली. डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो मग, दुसऱ्याच दिवशी. डॉक्टर तरुण होते, फार नम्र, म्हणाले, "काळजी करू नका, हल्ली ही ऑपरेशनं रोज होतात." ज्याचं होतं त्याचं काही रोज होत नाही, हे मी मनात म्हणालो. बाहेर आल्यावर तिने तिच्या बाजूचं दार नखांनी उघडलं, टक असा आवाज झाला, आणि त्या दिवशी मी पेरांचा विषय काढला नाही.

तर खळगा लख्ख. मी मोबाइलचा दिवा लावून आत बघितलं, वरून, खालून, तिरका धरून. एखादी तरी राहिली असेल. ओरखडा पुसला जातो असं आपण म्हणतो, पण तो पुसला जात नाही. काळ्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, रेघ त्या थरात असते, आणि पॉलिश म्हणजे आजूबाजूचा सगळा थर रेघेच्या तळापर्यंत घासून खाली आणणं. एकदा खाली आला की आला. तो कापडावर गेलेला असतो. मी कापड उलगडून बघितलं. पांढरट लगदा, त्यात काहीच नव्हतं, असणार तरी काय. वयाने एवढा मोठा माणूस, सरकारी शिक्का बाळगणारा, मांजर आडवं गेलं तर मांजराला रस्ता देणारा, आणि माझ्या डोक्यात काय यावं, तर तिचं इथलं नाव मी खोडून टाकलं. नेमकं परवा ऑपरेशन असताना. मन चिंती ते वैरी न चिंती. मी उठलो आणि गाडीत शिरून शोधायला लागलो, आणखी काय आहे तिचं. तिच्या सीटवर, डोकं टेकायच्या जागी एक केस होता, अर्धा पांढरा अर्धा काळा. दाराच्या कप्प्यात कागद चिकटवायच्या खळीचा वाळलेला ब्रश. समोरचा मधला आरसा तिच्या सीटकडे वळवलेला. मी हात मागे घेतला. आत्तापासून हे गोळा करायला लागलो की काय आपण, म्हटलं, आणि स्वतःचीच भीती वाटली. दार हळूच लावून बाहेर आलो आणि पुन्हा उशीवर गुडघे टेकले, उगाच, करण्यासारखं काही नसताना.

लिफ्टचा आवाज आला. ती चहा घेऊन खाली उतरली. एका हातात कप, दुसरा हात भिंतीला. जिने तिला मना होते, लिफ्टने चालायचं, पण लिफ्टपासून गाडीपर्यंतच्या थोड्याशा चालण्यानेही ती थांबली, श्वास घेतला, आणि मी धावलो तर म्हणाली, "बसा. चहा सांडवाल." मग गाडीभोवती फिरली. खरंच बघत फिरली, पुस्तक हातात घेतल्यावर बघते तशी, आधी कडा, मग पाठ.

"छान झालीय. मी कुंकू लावायला आरसा म्हणून वापरीन."

"अजून मेण राहिलंय."

"चेहरा का असा? कुठे चरा पाडलात का?"

"नाही."

"मग?"

मी कापडाची घडी घालायला लागलो. ती माझ्या शेजारी वाकली, वाकताना दाराला धरलं, आणि खळग्यात तिला दिसलं. तिचे डोळे बारीक आहेत पण कामाचे आहेत. "अरे वा," म्हणाली, "माझे सगळे गुन्हे माफ?"

मला वाटलं होतं मी थट्टेत घेईन. पण ते जमलं नाही. "तुझी नखं होती गं तिथे," मी म्हणालो. "मी बघितलंच नाही. दिसली रेघ की काढ, दिसली रेघ की काढ, असं सकाळपासून चाललं होतं. हे तुझं दार आहे हे ध्यानातच आलं नाही. सगळी गेली. एक नाही राहिली."

तिने कप टपावर ठेवला. ताज्या पॉलिशवर, गरम कप, बुडाला ओला. मी बघत राहिलो, हललो नाही. "इतकी वर्षं," ती म्हणाली, "मला पेरं लावून उघड, पेरं लावून उघड. आणि आता?"

"आता लाव."

"काय लावू?"

"नखं. एकदा उघड दार. नेहमीसारखं."

ती हसायला लागली, मग हसणं थांबवून तिने दोन्ही हात माझ्यासमोर धरले, लहान मुलं जेवणाआधी आईला हात दाखवतात तसे. नखं कापलेली होती. अगदी मुळापर्यंत. मी वर्षानुवर्षं पाहिलेले हात, आणि ते कुणा दुसऱ्याचेच वाटले, बोटांची टोकं आखूड, गुलाबी, उघडी पडलेली. "दवाखान्याने सांगितलंय," ती म्हणाली. "बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात ना, तो नीट बसायला हवा. आत्ताच कापली बाल्कनीत बसून. वाटलं होतं, तुम्हाला आनंद होईल. म्हटलं, चला, गाडी सुटली." तरी तिने खळग्यात बोटं घातली आणि ओढून बघितली. आवाज आला नाही. बोटं घसरली आणि मागे चार गोलसर, ओलसर ठसे राहिले. ते तिने स्वतःच्या बाहीने पुसले. कोरड्या सुती बाहीने, ताज्या काळ्या रंगावर. इतर कुणी असतं तर मी हात धरला असता.

"हे बघा," ती म्हणाली, "परत आले की देईन. हव्या तेवढ्या रेघा देईन."

"नक्की?"

"नखं वाढतातच हो. त्यांना काय काम आहे दुसरं." मग माझ्या डोक्यावरचा पॉलिशचा पांढरा डाग तिने बोटाने काढला, आणि आम्ही दोघं तिथे उशीवर, एकाच उशीवर दाटीवाटीने, चहा अर्धा अर्धा प्यायलो. कपाचा गोल डाग टपावर पडला होता. मेण लावताना तो मी वगळला, म्हणजे त्याच्या भोवतीने लावलं. वेडेपणाच तो, पण त्या दिवशी मी आणखी काहीही काढून टाकायला तयार नव्हतो.

ऑपरेशनच्या दिवसाचं मला फार काही सांगता येत नाही. मुलगी माझ्या शेजारी बसली होती, माझा हात तिच्या हातात, आणि मी दवाखान्याच्या लिफ्ट ऐकत होतो. दोन होत्या. डावीचं दार बंद होताना शेवटी एक धक्का खायचं. दार नीट बसत नव्हतं. मला ते सहन होईना. मी उठून तिथल्या रखवालदाराला सांगितलं, तो म्हणाला, "बाबा, आठवड्याने माणूस येणार आहे." मी म्हटलं, आठवड्याने कशाला, आज बोलवा. तो माझ्याकडे दयेने बघायला लागला. मुलगी मला परत घेऊन आली, पाठीवरून हात फिरवत, मी तिला शाळेत सोडताना फिरवायचो तसा. मला रडू येत होतं आणि मी लिफ्टच्या दाराबद्दल बोलत होतो. ती ऐकत होती. शेवटी ते तरुण डॉक्टर बाहेर आले, टोपी काढून, घामाने केस चिकटलेले, आणि लांबूनच त्यांनी मान हलवली, होकाराची. मुलीने मला घट्ट धरलं. मी म्हणालो, "बसलं का नीट दार?" तिला कळलं मी काय विचारतोय ते.

घरी आणताना परिचारिकेने सूचना दिल्या. छातीचं हाड जुळेपर्यंत काही उचलायचं नाही, ढकलायचं नाही, ओढायचं नाही. गाडीचं दार तर अजिबात ओढायचं नाही. आणि पुढे बसायचं नाही, मागे बसायचं, छातीशी उशी धरून. उशी घरून आणायला मी विसरलो होतो. गाडीच्या डिकीत गुडघ्यांखालची ती जुनी होती, पॉलिशने माखलेली, तीच तिने कवटाळली. मी मागचं दार उघडून उभा राहिलो. "आता कसं," ती म्हणाली, आवाज अगदी बारीक, पण खोडी तीच. "मी साहेबीण, तुम्ही ड्रायव्हर. सवत कुणीकडची, आता माझी बग्गी." पुढची सीट रिकामी. आरसा अजून तिच्या बाजूला वळलेलाच होता, मी वळवला नव्हता, त्यामुळे मागचं मला धड काही दिसत नव्हतं आणि मी बैलगाडीच्या चालीने गाडी हाकली.

घरात एक नवा आवाज आला होता. पहिल्या दुपारी मी तो शोधत फिरलो, घड्याळ काढून हलवून बघितलं, नळ घट्ट केला. मग कळलं, तिचीच टिकटिक. नवी झडप धातूची आहे, शांत खोलीत ऐकू येते. तिला लाज वाटायची, "कुकरसारखी वाजते मी," म्हणायची. मला विचाराल तर त्याच्याइतका चांगला आवाज मी मशीनच्या खोल्यांत कुठे ऐकला नाही. एकसारखा, घसर नाही, परत येणं नाही. ती झोपली की मी खुर्ची ओढून शेजारी बसायचो. नखांकडेही बघायचो. हळूहळू गुलाबीपुढे पांढरी कड आली, केसाएवढी, मग नव्या चंद्राएवढी. ती ग्रंथालयातून एखादं फाटकं पुस्तक मागवून घ्यायची आणि अंथरुणातच कागदाला घडी घालून बघायची, जमलं नाही की चिडायची. मी काही विचारायचो नाही. उतावीळपणा दिसला असता. गाडीवर धूळ बसली. दोन बादल्या तशाच पालथ्या. वरच्या मजल्यावरचे काका लिफ्टमध्ये म्हणाले, "काय हो, गाडी काळी होती ना तुमची? करडी दिसतेय." मी म्हटलं, "सध्या वेळ नाही." खरं म्हणजे वेळच वेळ होता. पण तिच्या आधी मला त्या दाराला हात लावायचा नव्हता.

आज डॉक्टरांनी तिच्या छातीचा एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, हाड छान जुळलंय. आता सगळं करा. ती म्हणाली, "सगळं म्हणजे?" ते म्हणाले, "सगळं. दारंसुद्धा ओढा." कुणी पढवून ठेवल्यासारखं. आम्ही खाली आलो. दवाखान्याच्या अंगणात गाडी उन्हात उभी होती, धुळीने माखलेली. मी सवयीने मागच्या दाराकडे गेलो, उघडून उभा राहिलो. ती माझ्या समोरून निघून गेली, सरळ पुढे, तिच्या बाजूच्या दारापाशी, आणि थांबली. मी मागचं दार लावलं, घाईने पुढे आलो, हँडलकडे हात नेला. "सरका," ती म्हणाली. मी सरकलो. तिने हात वर केला, जरा थबकली, छातीत कुठे ओढ लागते का ते बघत असावी. मग बोटं आत गेली. टक. दार उघडलं. ती बसली, आरशात स्वतःला बघितलं, केस सारखे केले. मी वळसा घालून माझ्या बाजूला येऊन बसलो आणि किल्ली लावायला मला दोनदा प्रयत्न करावा लागला, डोळे भरले होते म्हणून.

वाटेत ती नेहमीसारखी बोलत होती, समोरचा सायकलवाला कसा मधूनच चाललाय वगैरे. तळघरात गाडी लावली. ती आपली आपण उतरली, पिशवी तिनेच उचलली आणि लिफ्टकडे निघाली. मी म्हटलं, "हो पुढे, आलोच." ती गेली तसा मी वळसा घालून त्या दाराशी आलो, गुडघे टेकले, या खेपेला उशीशिवाय. मोबाइलचा दिवा तिरका धरला. धुळीत बोटांच्या चार वाटा दिसत होत्या, पण धुळीतल्या वाटांचं काय, त्या फुंकरीने जातात. मी फुंकर मारली. वाटा गेल्या. खाली, काळ्या नितळ खळग्यात, एक रेघ राहिली होती. एकच. बारीक, किंचित वाकडी, एका टोकाला विरत गेलेली. मी अंगठा तिच्यावरून नेला, लागली नाही, इतकी हलकी होती. प्लॅस्टिकच्या पिशवीतून लागली असती.

"सापडली का?" लिफ्टकडून आवाज आला. मी वळून बघितलं तर ती लिफ्टच्या उघड्या दारात उभी, एक हात दाराला लावून, दार बंद व्हायला बघतंय आणि ही त्याला परत ढकलतेय.

"सापडली," मी म्हणालो.

"मग चला वर. किती वेळ धरून ठेवू?"

लिफ्टचं दार असं हाताने अडवून धरू नये, हे लोकांना सांगत मी उभं आयुष्य काढलंय. मी गुडघे झटकले आणि तिने धरलेल्या दारातून आत गेलो.